स्वारगेट आणि उन्हाळी हंगामाची वाट

पुणे शहराच्या जुन्या पेठा दक्षिणेकडे जिथे संपतात आणि शिवाजी रस्ता व टिळक रस्ता जिथे सातारा रस्त्याला येऊन मिळतात, तो पर्वतीच्या टेकडीजवळचा स्वारगेटचा परिसर आज राज्य परिवहनाचे बसस्थानक, शहर बससेवेचा तळ आणि सप्टेंबर २०२४ मध्ये खुले झालेले भुयारी मेट्रो स्थानक यांमुळे ओळखला जातो. मात्र पुण्याच्या सामाजिक इतिहासात या ठिकाणाला आणखी एक स्थान आहे. एप्रिलपासून जूनच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंतचा जो काळ पुण्यात 'सुट्टी', घाटमाथ्यावरील गावांत 'हंगाम' आणि एसटीच्या कारभारात 'गर्दीचा काळ' म्हणून ओळखला जातो, त्या काळात शहरातील माणसे वाई, पाचगणी, महाबळेश्वर, भोर, महाड, दापोली या दिशांना याच वेशीतून बाहेर पडत आली आहेत. उन्हाळ्यात गाव गाठण्याची ही रीत आज इतकी अंगवळणी पडली आहे की ती पूर्वापार चालत आली असावी असे वाटते. वस्तुतः तिचा आजचा आकार दोन शतकांपेक्षा जुना नाही, आणि तो घडवण्यात हवेइतकाच रस्त्यांचा, तिकिटाच्या दराचा व सरकारी निर्णयांचा हात आहे.

या इतिहासाचा आरंभ घाटमाथ्यावर होतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, तर सुमारे १२० किलोमीटर अंतरावरील महाबळेश्वर १,३७० मीटरच्या आसपास, आणि या उंचीच्या फरकामुळे वैशाखातही तेथील दुपार सुसह्य राहते. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री व गायत्री या पाच नद्यांच्या उगमाचे तीर्थ म्हणून क्षेत्र महाबळेश्वर पूर्वीपासून प्रसिद्ध होते, पण तेथे जाण्याचे प्रयोजन धार्मिक होते. थंड हवेसाठी आठवडेच्या आठवडे डोंगरावर मुक्काम करणे ही कल्पना कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यांबरोबर आली. १८२४ मध्ये जनरल पीटर लॉडविक हे या पठारावर चढून गेले, त्यांच्यामागून अन्य अधिकाऱ्यांनी जागेची पाहणी केली, आणि १८२७ ते १८३० या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेले सर जॉन माल्कम यांनी तेथे आजाऱ्यांसाठी आरोग्यधाम व अधिकाऱ्यांसाठी वसाहत उभारण्याचे मनावर घेतले. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याशी १८२९ मध्ये झालेल्या करारानुसार हा मुलूख कंपनीकडे आला व त्याच्या मोबदल्यात वाईकडील खंडाळा हे गाव सातारा दरबारास मिळाले. क्षेत्र महाबळेश्वरापासून काही अंतरावर वसलेल्या नव्या वस्तीला 'माल्कम पेठ' असे नाव पडले.

ही पेठ तिच्या भोवतालच्या गावांतून वाढली नाही. ती त्यांच्या शेजारी बाहेरून आणून वसवली गेली, आणि पुढील सर्व इतिहासावर या गोष्टीची छाया पडलेली दिसते. पठारावर व त्याच्या उतारांवर कुणबी, कोळी, धनगर यांची लहान गावे होती, तसेच तांबड्या जांभा दगडातून भट्टीत लोखंड गाळणारे धावड लोक होते. वनरक्षणाच्या नव्या धोरणात कोळशासाठी लाकूडतोड करण्यास मज्जाव झाल्यावर त्यांचा धंदा बसला. दुसरीकडे, पेठेला लागणारा भाजीपाला पिकवण्याचे काम आग्नेय आशियातील वसाहतींतून आणलेल्या चिनी व मलायी कैद्यांकडे सोपवले गेले. त्यांचा तुरुंग १८६४ पर्यंत तेथे होता, आणि बटाट्यासारख्या पिकांच्या लागवडीत त्यांच्या हातांचा वाटा मोठा आहे. महाबळेश्वरच्या मळ्यांचे कौतुक होत असताना या कैद्यांचा उल्लेख क्वचितच होतो. तो व्हायला हवा.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्याचा कारभार ऋतूंप्रमाणे जागा बदलू लागला. हिवाळा मुंबईत, एप्रिल-मे महाबळेश्वरात आणि पावसाळा पुण्यात, गणेशखिंडीच्या सरकारी प्रासादात, असे गव्हर्नरांचे वर्ष विभागलेले असे. दफ्तरे, कारकून, शिपाई, घोडे व स्वयंपाकी या सर्वांसह सरकार डोंगरावर जाई, आणि मृगाचा पाऊस सुरू होण्याआधी उतरून येई. महाबळेश्वरी वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडत असल्यामुळे पावसाळ्यापूर्वी घरांच्या भिंती गवताच्या झडपांनी झाकून घ्याव्या लागत आणि पेठ जवळजवळ रिकामी होई. ठराविक तारखांना सुरू होणारा व ठराविक तारखांना मिटणारा 'हंगाम' घाटमाथ्यावर या सरकारी वेळापत्रकातून आला, आणि गव्हर्नर जाऊन पाऊण शतक उलटले तरी दुकानदार, घोडेवाले व लॉजचालक यांची वर्षाची मांडणी अद्याप त्याच चौकटीत बसलेली आहे.

पुण्याहून तेथे जाण्याचा मार्ग मात्र अनेकदा बदलला. साताऱ्याकडे जाणारी जुनी वाट बापदेव घाटाने सासवडच्या बाजूस वळत असे; पुढे कात्रजच्या घाटातून गाडीरस्ता झाला व सातारा रस्ता स्वारगेटवरून सरळ दक्षिणेस निघाला. कात्रजच्या तलावातून पेशवाईत शहरात आणलेल्या पाण्याच्या नळाची दिशाही साधारण हीच. म्हणजे ज्या दिशेने पुण्यात पाणी येत असे, त्याच दिशेने पुणेकर उन्हाळ्यात बाहेर पडू लागले. १८८० च्या दशकात पुण्याहून दक्षिणेकडे लोहमार्ग निघाला, तेव्हा तो कात्रजच्या वाटेने न जाता जेजुरी, नीरा, लोणंदमार्गे वळसा घेऊन गेला. त्यानंतर महाबळेश्वरास जाणारा सुस्थितीतील प्रवासी रेल्वेने वाठार स्थानकावर उतरून तेथून टांग्याने वाई, पसरणी घाट व पाचगणीमार्गे वर जाऊ लागला. या टांग्यांना दोन तट्टे जोडलेली असत व ठराविक टप्प्यांवर ती बदलली जात. वाठारची ही भरभराट सुमारे चार दशके टिकली. मोटार आल्यावर कात्रजच्या रस्त्याचे महत्त्व पुन्हा वाढले आणि वाठार हे इतर स्थानकांसारखे एक स्थानक होऊन राहिले.

दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या काळात खासगी मालकांच्या 'सर्व्हिस मोटारी', म्हणजे भाड्याने उतारू नेणाऱ्या गाड्या, सर्वत्र धावू लागल्या. गाडी भरेपर्यंत थांबणे, भाड्याची घासाघीस, मर्यादेपलीकडे कोंबलेली माणसे आणि फायद्याच्या रस्त्यांवर गर्दी करून आडगावांकडे पाठ फिरवणे, हे या व्यवसायाचे दोष होते. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने परवान्यांची शिस्त लावली तरी ते पुरते गेले नाहीत. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने उतारू वाहतूक स्वतःकडे घेण्याचे ठरवले आणि १ जून १९४८ रोजी अहमदनगर ते पुणे या मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. चालक किसन राऊत व वाहक लक्ष्मण केवटे यांची नावे त्या घटनेशी कायमची जोडली गेली आहेत. पुण्यात पुढे दिशांची वाटणी झाली. मुंबईकडील गाड्या पुणे रेल्वे स्थानकाजवळून, नाशिक व मराठवाड्याकडील शिवाजीनगरहून, आणि सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, भोर तसेच दक्षिण कोकण व गोव्याकडील बहुतांश गाड्या स्वारगेटहून सुटू लागल्या. पुण्याच्या भूगोलात 'स्वारगेट' हे दक्षिणेचे दुसरे नाव होऊन बसले ते या वाटणीमुळे.

एसटीने या प्रवासात जो बदल घडवला त्याचे मोल इतिहासकारांनी अद्याप पुरेसे केलेले नाही. माल्कम पेठेच्या काळात उन्हाळ्यात गाव बदलणे ही पदाची व पैशाची खूण होती. ठरलेल्या वेळी सुटणाऱ्या, ठरलेल्या दराच्या गाडीने ती गोष्ट शाळामास्तर, कारकून, गिरणीकामगार व लहान दुकानदार यांच्या आवाक्यात आणली. या वर्गाचा उन्हाळी प्रवास प्रथम थंड हवेच्या ठिकाणी गेला नाही, तो स्वतःच्या गावी गेला. परीक्षा संपून शाळांना सुट्टी लागली की मुलांना मामाकडे पाठवण्याची, माहेरवाशिणीने महिनाभर आईकडे राहण्याची आणि आंबा उतरवण्याच्या सुमारास भावाभावांनी जुन्या घरात जमण्याची पद्धत पेठांतील व उपनगरांतील कुटुंबांत रूढ होती. ट्रंक, वळकटी, फिरकीचा तांब्या आणि दशम्यांचा डबा घेऊन पहाटे फलाटावर उभी राहणारी कुटुंबे हे स्वारगेटचे मे महिन्यातील नेहमीचे दृश्य होते. परतीच्या गाडीच्या टपावर फणस, तांदळाची पोती व आंब्याच्या पेट्या असत, आणि गावाकडून शहराकडे येणारा हा माल कोणत्याही बाजारपेठेच्या हिशोबात धरला गेला नाही.

याच काळात गावोगावच्या चैत्र-वैशाखातील जत्रा व लग्नसराई येत असल्यामुळे एसटीवरील ताण दुहेरी होई. वऱ्हाडासाठी संपूर्ण गाडी ठराविक दराने देण्याच्या पद्धतीस महामंडळाच्या भाषेत 'प्रासंगिक करार' म्हणतात. नियमित फेऱ्या, सुट्टीच्या 'जादा गाड्या' व हे करार यांची गाड्यांच्या एकाच ताफ्यातून जुळणी करणे ही आगारव्यवस्थापकाची मे महिन्यातील खरी कसोटी असे. त्याहूनही महत्त्वाची होती 'वस्तीची गाडी'. संध्याकाळी आडगावी पोहोचून चालक-वाहकासह रात्रभर तेथेच मुक्काम करणारी आणि भल्या पहाटे तालुक्याकडे परतणारी ही गाडी आर्थिक हिशोबात अनेकदा तोट्याची ठरली. पण तिच्यामुळे मुख्य रस्त्यापासून दहा-पंधरा किलोमीटर आत असलेले गावही सुट्टीच्या नकाशावर राहिले. 'गाव तिथे एसटी' हे धोरण प्रत्यक्षात उतरले ते या गाडीच्या रूपाने, असे म्हणण्यास हरकत नाही.

ज्यांचे स्वतःचे असे गाव उरले नव्हते, किंवा ज्यांच्या हाती चारच दिवस होते, त्यांच्यासाठी शहरालगत सिंहगड होता. एकोणिसाव्या शतकात पुण्यातील युरोपीय मंडळी उन्हाळ्यात या गडावर बंगल्यांत राहत. लोकमान्य टिळकांचा बंगला तेथे आजही उभा आहे. पुढे शहर बससेवेने पायथा गाठणे सोपे झाले आणि गड सर्वांचा झाला. महाबळेश्वरशी तुलना करता येथे एक वेगळी गोष्ट घडली. गडाच्या घेऱ्यातील गावांच्या बायामाणसांनी डोक्यावर पाणी, सरपण व दही वाहून नेऊन पिठले-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातील दही यांचा पाहुणचार स्वतः उभा केला. भांडवल जवळजवळ शून्य, जागा उघड्यावरची, आणि कष्ट मात्र रोजच्या चढाचे. पुणेकरांना गावाच्या हातचे जेवण पैसे देऊन जेवण्याची सवय प्रथम येथे लागली, आणि आज 'ग्रामीण पर्यटन' या नावाने जे चालते त्याचा मूळ धडा सिंहगडाच्या या वाटेवर गिरवला गेला, असे मानणे योग्य ठरेल.

१९७० नंतर चित्र झपाट्याने बदलले. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्थापना १९७५ मध्ये झाली व सरकारी विश्रामगृहे मध्यमवर्गास खुली झाली. पाचगणी-महाबळेश्वर परिसरात फळांचे रस व मुरंबे बनवणारे उद्योग वाढले, भिलारसारख्या गावांनी स्ट्रॉबेरीचे पीक आत्मसात केले, आणि २०१० मध्ये महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीस भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी जोडलेल्या उत्पादनाच्या नावाचे कायदेशीर संरक्षण, मिळाले. कोकणच्या बाजूस कथा निराळी होती. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्णपणे सुरू झाली तरी तिचा उपयोग प्रामुख्याने मुंबईकरांना झाला. पुणेकरांना वरंधा, ताम्हिणी किंवा कुंभार्ली घाट उतरूनच किनारा गाठावा लागे. १९९७ मध्ये दिवेआगर येथे बागेत गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडल्यावर तेथे भाविकांची रीघ लागली, आणि त्यांच्यासाठी नारळी-पोफळीच्या वाड्यांतील घरांनी आपल्या पडव्या व माजघरे खुली केली. २०१२ मध्ये मुखवटा चोरीला गेला, तरीही घरगुती खाणावळी व राहण्याच्या खोल्या टिकून राहिल्या, कारण तोवर पाहुणे समुद्र, निवांतपणा आणि ताटातील उकडीचे मोदक यांसाठी येऊ लागले होते. हरिहरेश्वर, आंजर्ले, मुरूड या गावांतही हीच घडण दिसते. तिचा भार मुख्यतः घरातील स्त्रियांनी उचलला.

गावाने यजमान व्हावे या विचाराला शासनमान्य रूपही मिळत गेले. बारामती परिसरातून सुरू झालेली कृषी पर्यटनाची, म्हणजे शेतकऱ्याच्या शेतावर राहून शेतीचा अनुभव घेण्याची, चळवळ एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रुजली व २०२० मध्ये राज्याने कृषी पर्यटन धोरण स्वीकारले. त्याआधी, ४ मे २०१७ रोजी, भिलार हे 'पुस्तकांचं गाव' म्हणून घोषित झाले. वेल्समधील हे-ऑन-वाय या गावात १९६१ पासून जुन्या पुस्तकांची दुकाने वाढत जाऊन गावाचीच ओळख पुस्तकांची झाली, त्या उदाहरणावरून ही कल्पना घेतली होती; पण भिलारमध्ये विक्रीऐवजी वाचनाला स्थान देण्यात आले. राज्य मराठी विकास संस्थेच्या पुढाकाराने गावातील घरे, शाळा, देवळे अशा सुमारे पंचवीस ठिकाणी मराठी पुस्तके मांडली गेली आणि पाहुण्याने घरात येऊन विनामूल्य वाचत बसावे अशी सोय झाली. पाचगणीहून महाबळेश्वरकडे जाताना मुख्य रस्ता सोडून थोडे आत वळले की हे गाव लागते. माल्कम पेठेने आसपासच्या गावांना बाजूला सारून वस्ती केली होती; जवळजवळ दोन शतकांनी त्याच पठाराच्या कडेवरील गावकऱ्यांनी आपल्या ओसरीवर पाहुण्यास बसवले, हा या इतिहासातील सर्वांत आश्वासक टप्पा आहे.

असे असूनही गर्दीची वाट मात्र फारशी बदललेली नाही. मे महिन्यातील शनिवार-रविवारी खंबाटकी व पसरणी घाटांत लागणाऱ्या वाहनांच्या रांगा, वेण्णा तलावाकाठची दाटी आणि ठरावीक पॉइंटांवर होणारी रेटारेटी यांचे मूळ माल्कमच्या काळात आखलेल्या भूगोलात आहे: तेव्हा ज्या टोकांवरून दऱ्या न्याहाळल्या गेल्या, त्याच टोकांवर आजही गाड्या थांबतात. २००१ मध्ये केंद्र सरकारने महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला व बांधकामांवर बंधने आणली. परंतु पाहुण्यांची संख्या वाढतच राहिली. आषाढ-श्रावणात कोसळणारे पाणी जांभ्याच्या उतारांवरून वाहून जाते आणि नेमक्या हंगामाच्या ऐन भरात भोवतालच्या वाड्यावस्त्यांवर पाण्याची टंचाई जाणवते, तर त्याच वेळी हॉटेलांची गरज शिगेला पोहोचलेली असते. पाहुण्यांची संख्या मोजून पर्यटनाचे यश ठरवणारी पद्धत या विसंगतीकडे डोळेझाक करते, आणि ती सदोष आहे.

प्रवासाचे साधन बदलल्याने ही विसंगती तीव्र झाली. एकेकाळी एका एसटीतून जितकी माणसे घाट चढत, तितक्यांसाठी आता दहा-बारा मोटारगाड्या चढतात. आडगावांच्या फेऱ्या कमी झाल्या की तेथे खासगी वाहन असलेलाच पोहोचू शकतो, आणि ज्या सेवेने उन्हाळी प्रवास सार्वजनिक केला तिच्या क्षीण होण्याने तो पुन्हा ऐपतीवर अवलंबून राहू लागतो. ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्या ज्येष्ठांना मोफत प्रवास आणि मार्च २०२३ पासून महिलांना निम्म्या दराने तिकीट या सवलती सुरू झाल्या, तेव्हा स्वारगेटच्या फलाटांवर माहेरी वा नातवंडांकडे निघालेल्या बायकांची व वृद्धांची गर्दी पुन्हा दिसू लागली. तिकीट परवडले आणि गाडी मिळाली तर गावी जाण्याची इच्छा कायम आहे, याचा हा पुरावा मानता येईल.

स्वारगेट येथे मेट्रो, शहर बस व एसटी यांना एकत्र आणणारे वाहतूक केंद्र उभारण्याची योजना पुढे आलेली असताना जुन्या बसस्थानकाच्या कारभाराची कागदपत्रेही जपली जाणे निकडीचे आहे. गव्हर्नरांच्या हंगामाचे वर्णन १८८५ च्या सातारा जिल्ह्याच्या गॅझेटिअरात बंगल्यांपासून हवामानापर्यंत बारकाईने सापडते. मामाच्या गावी निघालेल्या लाखो कुटुंबांचा हंगाम मात्र छापील वेळापत्रकांत, जादा गाड्यांच्या फलकांत, प्रासंगिक कराराच्या नोंदवह्यांत आणि घरोघरच्या छायाचित्रांत विखुरलेला आहे. राज्य परिवहन महामंडळाने आपल्या आगारांतील जुनी कागदपत्रे रद्दीत काढण्यापूर्वी अभिलेखागाराकडे सोपवावीत, आणि ज्या पुणेकर कुटुंबांकडे उन्हाळी प्रवासाची जुनी तिकिटे, पत्रे वा छायाचित्रे असतील त्यांनी ती एखाद्या ग्रंथालयाच्या किंवा इतिहास संशोधन संस्थेच्या स्वाधीन करावीत.